निकाल जुळेनात: घरच्या लिनक्सवरच्या बॉइंकचं एक प्रकरण

आमचा घरचा कॉम्प्युटर बॉइंक या सॉफ्टवेअरमार्फत एका विज्ञान प्रकल्पासाठी गणितं करून निकाल पाठवतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने पाठवलेल्या एका निकालावर 'इनव्हॅलिड', म्हणजे अमान्य, असा शेरा आला. मी तो पाहिला आणि सोडून दिला. दोन दिवसांनी दुसरा आला, आठवडा संपता संपता आणखी दोन. मे उजाडला तेव्हा पूर्ण झालेल्या ३८ कामांपैकी ९ अमान्य ठरली होती, आणि त्याशिवाय ३ कामं मध्येच कोसळली होती. कॉम्प्युटर मात्र एरवी ठणठणीत. लेकीचा ऑनलाइन क्लास चालायचा, माझ्या प्रश्नपत्रिका छापल्या जायच्या. कधी हँग नाही, कधी आपोआप बंद नाही. मग चुकतंय कुठे, हे सापडायला पाच आठवडे लागले. तो शोध चुकलेल्या वाटांसकट इथे मांडतोय, कारण माझे जास्तीत जास्त दिवस त्या चुकलेल्या वाटांवरच गेले.

मी परभणीत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. औंढा नागनाथ इथून तासा-सव्वा तासाच्या वाटेवर. तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, तिथं नेमकं काय मोजणार?" फळ्यावर चार किलोमीटरच्या दोन भुजा काढून मी सांगतो खरा, पण त्या शोधात आपला हातभार लागावा असं मनापासून वाटत होतं. म्हणून आइन्स्टाइन ॲट होम. २००५ पासून चाललेला हा प्रकल्प लायगोच्या नोंदींत, फर्मी दुर्बिणीने टिपलेल्या गॅमा किरणांत आणि रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींत फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या खुणा शोधतो. गणित प्रचंड, म्हणून त्याचे तुकडे करून जगभरच्या स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरवर वाटलं जातं. २०१० मध्ये अरेसिबो या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून असाच एक नवा पल्सार, म्हणजे फिरता न्यूट्रॉन तारा, स्वयंसेवकांच्या यंत्रांनी शोधून दिला होता.

ही वाटणी करणारं सॉफ्टवेअर म्हणजे बॉइंक. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. परग्रहावरचे संदेश शोधणारा सेटी ॲट होम १९९९ मध्ये सुरू झाला होता, तो पुढे याच बॉइंकवर आला आणि मार्च २०२० अखेर त्याने नवी कामं वाटणं थांबवलं.

प्रकरण समजायला बॉइंकची एक पद्धत माहीत हवी. अनोळखी माणसाच्या घरातल्या अनोळखी यंत्राने दिलेल्या उत्तरावर शास्त्रज्ञ विश्वास कसा ठेवणार? म्हणून एकच काम दोन वेगवेगळ्या यंत्रांना दिलं जातं. दोघांची उत्तरं जुळली तर दोन्ही ग्राह्य. शेवटच्या काही दशांशांत फरक पडला तर चालतो, कारण प्रत्येक प्रोसेसरचं बेरीज-गुणाकाराचं वळण थोडं निराळं असतं. त्याहून जास्त फरक पडला तर निकाल 'इनकन्क्लुझिव्ह', म्हणजे अनिर्णित. मग तेच काम तिसऱ्या यंत्राकडे जातं. तिसऱ्याचं उत्तर ज्याच्याशी जुळेल तो खरा, उरलेला अमान्य. माझी नऊ कामं अशी तिसऱ्याच्या साक्षीने अमान्य ठरली होती.

यंत्र जुनंच. चार कोअरचा प्रोसेसर, ४ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून ८ जीबी डीडीआर३ रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे मिळणारी कामं प्रोसेसरवरचीच, गॅमा किरणांतले पल्सार शोधायची. एकेका कामाला बरेच तास लागायचे.

सुरुवातीच्या दोन अडचणी

या दोन्हींचा निकाल न जुळण्याशी संबंध नव्हता, पण लिनक्सवर बॉइंक पहिल्यांदा बसवणाऱ्या बहुतेकांना त्या भेटतात.

पहिली म्हणजे मॅनेजर क्लायंटला जोडला जाईना. लिनक्सवर बॉइंकचे दोन भाग असतात. गणित करणारा क्लायंट पडद्यामागे सेवा म्हणून चालतो, आणि तोही 'बॉइंक' नावाच्या वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने. आपल्याला दिसते ती खिडकी म्हणजे मॅनेजर, आणि तो आपल्या नावाने चालतो. दोघांमध्ये एक परवलीचा शब्द असतो. तो ज्या फाइलमध्ये असतो ती वाचायची मुभा फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासक खात्याला, आणि बॉइंक गटाला. माझं नाव त्या गटात नसल्यामुळे मॅनेजर 'ऑथरायझेशन फेल्ड' म्हणत राहिला. 'युजरमॉड' कमांडने नाव गटात घातलं, तरी तेच. लॉगआउट करून परत आत आल्याशिवाय गटाचं सदस्यत्व लागू होत नाही, हे विसरल्यामुळे एक संध्याकाळ गेली. टर्मिनलमध्ये 'ग्रुप्स' टाइप केलं की आपण आत्ता कोणत्या गटांत आहोत ते एका ओळीत दिसतं. आधी तेच पाहायला हवं होतं.

दुसरी अडचण, काम सतत थांबायचं. इव्हेंट लॉगमध्ये 'सस्पेंडिंग कॉम्प्युटेशन, सीपीयू इज बिझी' अशी ओळ दर थोड्या वेळाने. बाकीच्या प्रोग्रामांचा प्रोसेसरवरचा भार २५ टक्क्यांच्या वर गेला की बॉइंक आपणहून बाजूला होतं, ही मुळातलीच सेटिंग. लेकीने व्हिडिओ लावला की काम थांबणार, हे ठीकच. पण 'थांबलेली कामं मेमरीत ठेवा' हा पर्याय बंद असल्यामुळे दर वेळी काम मेमरीतून उतरायचं आणि परत मागच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे शेवटच्या जतन केलेल्या टप्प्यापासून, सुरू व्हायचं. तो पर्याय चालू केला आणि कामाला वेग आला. आता वाटतं, हे एवढं लवकर सुटलं म्हणूनच पुढचं सगळं आपण असंच सेटिंगमध्ये शोधत बसलो.

आधी चूक कुणाची, ते ठरवलं

अमान्य कामं वाढली तेव्हा पहिला संशय प्रकल्पावर गेला. काम पाठवतानाच काही गफलत असेल, प्रोग्रामची नवी आवृत्ती बिघडली असेल. हे तपासणं सोपं होतं. प्रकल्पाच्या खात्यात प्रत्येक कामापुढे ते कुणाकुणाला दिलं होतं आणि कुणाचा काय निकाल लागला, ते दिसतं. नऊच्या नऊ कामं उघडून पाहिली. प्रत्येक ठिकाणी बाकीच्या दोघांचं एकमेकांशी जुळलेलं, माझं एकट्याचं वेगळं. जोडीदार यंत्रं दर वेळी निराळी. कुणी विंडोजवर, कुणी लिनक्सवर. सगळ्यांशी न जुळणारा समान दुवा एकच, तो म्हणजे आमच्या हॉलच्या कोपऱ्यातला डबा.

मग क्लायंट काढून पुन्हा बसवला. प्रकल्प रीसेट करून प्रोग्रामच्या फाइल नव्याने उतरवून घेतल्या. पाच दिवसांनी दहावं काम अमान्य.

उष्णतेचा फसवा पुरावा

मे महिना, परभणी. दुपारी भिंतीला हात लावला तर भाजतो. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी 'जर्नलसीटीएल'ने उघडल्या आणि तिथे ओळींमागून ओळी: 'कोअर टेंपरेचर अबव्ह थ्रेशोल्ड, सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड'. 'सेन्सर्स' कमांड दिली तर चारही कोअर १०० अंशांच्या आसपास. मला वाटलं, सापडलं!

डबा अंगणात नेऊन उघडला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा नमद्यासारखा थर साचलेला, आणि जुनी थर्मल पेस्ट सुकून तिची खपली झालेली. धूळ काढली, नवी पेस्ट लावली. बॉइंकमध्ये चारऐवजी तीनच कोअर वापरायला सांगितलं. इथे एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 'किती टक्के प्रोसेसर वापरायचे' आणि 'प्रोसेसरचा किती टक्के वेळ वापरायचा' या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. दुसरी कमी केली तर बॉइंक काम क्षणभर चालवतं, क्षणभर थांबवतं, पुन्हा चालवतं, आणि प्रोसेसर सतत तापत-निवत राहतो. मला पहिलीच बरी वाटली. तापमान ७५ अंशांवर आलं. कर्नलची तक्रार बंद.

दहा दिवस मी निर्धास्त होतो. त्या दहा दिवसांत आणखी तीन कामं अमान्य ठरली.

इथे माझा विचार कुठे चुकला ते सांगतो, कारण वर्गात मुलांच्या प्रयोगवहीत मी हीच चूक लाल शाईने दाखवतो. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तसं केल्याने तो गणित हळू करतो, चुकीचं करत नाही. वेग कमी करण्याची सोय त्यासाठीच असते. मला एक बिघाड दिसला, तो खरा होता, दुरुस्त करण्याजोगाही होता. पण समोरचं लक्षण त्याच बिघाडाचं आहे का, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

एकच फाइल, दोन बेरजा

शेवटी कागद घेऊन बसलो. कुठलं काम कधी चालू होतं, तेव्हा सोबत आणखी किती चालू होती, कॉम्प्युटरवर दुसरं काय चाललं होतं, जेवढं लॉगमधून मिळालं तेवढं लिहून काढलं. एक गोष्ट नजरेत भरली. रात्री घरातली सगळी कामं आटोपल्यावर दोनच कामं चालायची, त्यांतलं एकही अमान्य नव्हतं. अमान्य झालेली सगळी दिवसाची, म्हणजे बॉइंक, ब्राउझर आणि लेकीचा क्लास एकत्र चाललेले असतानाची. मेमरी भरलेली असतानाची.

अमुक भाग वापरला गेला तरच चूक होत असेल, तर तो भाग मेमरीचा असणार. हे पडताळायला मी शाळेच्या गॅदरिंगच्या चित्रीकरणाची ११ जीबीची फाइल घेतली. रॅमपेक्षा मोठी फाइल मुद्दाम घेतली. लिनक्स एकदा वाचलेली फाइल रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवतं, त्यामुळे लहान फाइल दुसऱ्यांदा डिस्कवरून वाचलीच जात नाही. चुकीची प्रत मेमरीत असेल तर तेच चुकीचं उत्तर पुन्हा पुन्हा येतं. मोठी फाइल मात्र दर वेळी नव्याने वाचावी लागते. तिच्यावर 'एसएचए २५६ सम' ही कमांड चालवली. फाइलच्या सगळ्या मजकुरावरून ही कमांड ६४ खुणांचा एक ठसा काढते, आणि एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो.

बॉइंकची तीन कामं चालू ठेवून कमांड तीनदा दिली. पहिला ठसा आणि दुसरा ठसा एकच. तिसरा वेगळा.

लेक शेजारीच बसली होती. तिने दोन्ही ओळी अक्षर-अक्षर जुळवून पाहिल्या आणि म्हणाली, "बाबा, फाइलला तर कुणी हातच लावला नाही ना?" नव्हता लावला. मी चौथ्यांदा चालवली, तो ठसा पुन्हा पहिल्यासारखा आला. म्हणजे डिस्कवरची फाइल शाबूत होती. वाचून मेमरीत आल्यावर कुठेतरी काहीतरी पलटत होतं.

मेमटेस्टची रात्र

कॉम्प्युटर सुरू होताना काय चालवायचं ते निवडायच्या यादीत, म्हणजे ग्रब मेनूत, मेमटेस्ट ८६ प्लसचा पर्याय होता. जेवणं झाल्यावर तो लावला. हा प्रोग्राम लिनक्स सुरू न करता थेट रॅमवर ठरावीक आकडे लिहितो आणि लगेच वाचून पाहतो. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत पडद्यावर लाल ओळ उमटली. लिहिलेल्या आकड्यात आठही जागी 'एफ' हवा होता; परत वाचला तेव्हा सातव्या जागी 'बी' होता. यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे चार बिट; 'एफ' म्हणजे ११११, 'बी' म्हणजे १०११. बत्तीस बिटांपैकी एकतीस जसेच्या तसे, एक १ चा ० झालेला. एवढ्याशा फरकासाठी दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या अनोळखी यंत्राने आमच्या यंत्राचं उत्तर नाकारलं होतं, आणि ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. लेकीने टॉर्च धरला. दुकानात करतात तसं मी पट्टीच्या सोनेरी पायांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवला, बारीक ब्रशने कचरा झटकला आणि दोन्ही परत बसवल्या. 'टक्' असा आवाज होऊन दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप बंद झाल्या की पट्टी नीट बसली असं समजायचं. मेमटेस्टची एक फेरी स्वच्छ गेली. आम्ही दोघांनी टाळी दिली. पण या वेळी घाई करायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून तो तसाच रात्रभर ठेवला. पहाटे पाणी आलं म्हणून उठलो तर पडद्यावर चौदा चुका.

एकेक पट्टी वेगळी तपासायची होती, आणि ती दोन्ही खाचांमध्ये. हे का, तर पट्टी खराब आणि मदरबोर्डवरची खाच खराब, ही दोन दुखणी वेगळी आणि दोन्हींत पडद्यावर दिसणारी लाल ओळ सारखीच. एका पट्टीने दोन्ही खाचांत रात्रभर एकही चूक दिली नाही. दुसरीने दोन्ही खाचांत दिल्या, आणि दर वेळी काही फेऱ्या होऊन पट्टी तापल्यावरच. म्हणजे उष्णतेचा हात होताच. पण तो प्रोसेसरवर नव्हता, त्याच्या शेजारच्या या पट्टीवर होता. थंडीत हेच यंत्र कदाचित एकही चूक न करता चाललं असतं.

मेमरीतला तेवढाच खराब पत्ता वगळून लिनक्स चालवता येतं, कर्नलला तसं सुरुवातीलाच सांगायची सोय आहे. तो मोह झाला. पण चुका एकाच पत्त्यावर नव्हत्या, लांब लांब पसरलेल्या होत्या. आज चौदा सापडल्या, उद्या पंधरावी कुठे निघेल याचा भरवसा नाही. पट्टी बाजूला काढली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून 'खराब' असं लिहून ठेवलं, म्हणजे चुकून पुन्हा कुठल्या यंत्रात जाणार नाही.

चालू कामांचं काय करायचं

दुरुस्तीपेक्षा मला हा प्रश्न जड गेला. क्लायंटमध्ये तीन कामं अर्धी झाली होती. एक तर ८० टक्क्यांवर. ती पुढे चालू देता आली असती, त्यांतलं एखादं जुळलंही असतं. पण त्यांचे चेकपॉइंट खराब मेमरीतून डिस्कवर लिहिले गेले होते. चुकीचं उत्तर पाठवलं की तिसऱ्या कुणाला तेच काम पुन्हा करावं लागतं. आपली वीज तर गेलेलीच, त्याचीही जाते. आणि दोन बिघडलेल्या यंत्रांची चूक योगायोगाने जुळली तर? शक्यता फार कमी, पण मला ती नको होती. आधी 'नवी कामं घेऊ नका' हे बटण दाबलं, मग तिन्ही कामं रद्द केली, मग प्रकल्प रीसेट केला. काम मध्येच कोसळलं किंवा रद्द झालं की प्रकल्प त्या यंत्राचा रोजचा कोटा कमी करतो आणि चांगले निकाल आले की परत वाढवतो. कोटा घटला. तो घटायलाच हवा होता.

दुकानातून दुसरी, वापरलेली पट्टी मिळेपर्यंत दोन आठवडे ४ जीबीवरच काढले. तेव्हा मॅनेजरमध्ये 'वेटिंग फॉर मेमरी' असं दिसायला लागलं. हा बिघाड नाही. माणूस कॉम्प्युटर वापरत असताना निम्म्याहून जास्त रॅम घ्यायची नाही, ही बॉइंकची मूळ सेटिंग आहे आणि ती पाळण्यासाठी ते थांबतं. मी एकाच वेळी एकच काम चालेल असं करून ठेवलं. नवी आणलेली पट्टी मात्र आधी रात्रभर मेमटेस्टवर ठेवली, मगच लिनक्स सुरू केलं.

जूनमध्ये २१ कामं पाठवली. त्यांतली १७ जुळली, ४ अजून जोडीदाराच्या उत्तराची वाट पाहत आहेत. अमान्य एकही नाही.

फोटो

एक गोष्ट मागाहून लक्षात आली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. लिनक्स रिकाम्या रॅममधून फाइलींची ने-आण करतं. म्हणजे ती पट्टी यंत्रात असताना जे जे कॉपी झालं, ते त्याच खराब जागांवरून गेलेलं असू शकतं. आणि फेब्रुवारीत मी आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो कॅमेऱ्यातून याच कॉम्प्युटरवर घेतले होते. कार्ड नंतर फॉरमॅट केलं होतं.

४१२ फोटो एकेक करून उघडले. ४१० चांगले होते. एकात आईला ओवाळताना ताम्हनाच्या खालचा सगळा भाग हिरवट पडलेला, जणू कुणी तिथून पुढे रंगीत काच धरली आहे. दुसऱ्यात मधल्या एका आडव्या रेषेपासून पुढे चेहरे बाजूला सरकलेले. जेपेगमध्ये एक बिट बिघडला की त्याच्यापुढचं चित्र असंच बिघडतं. सणासुदीला कधीतरी ते उघडले असते तर कॅमेऱ्याला दोष देऊन पुसून टाकले असते.

ओवाळतानाचा फोटो भावाने त्याच जागेवरून फोनने घेतलेला होता, तो त्याने पाठवला. दुसऱ्यात आई आणि तिची धाकटी बहीण, आमची मावशी, दोघीच होत्या. तो आणखी कुणीच काढलेला नाही. त्याचा वरचा अर्धा भाग, त्या रेषेपर्यंतचा, कापून वेगळा जपून ठेवला आहे.